‘काइंडली’ लिहूनही पत्र उद्धट का वाटते?

इचलकरंजीतील एका कापड निर्यातदाराच्या कचेरीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न असा आहे: ब्रिटनमधील ग्राहकाला त्या प्रत्येक ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’ असा मायना लिहितात, वाक्यावाक्यात ‘काइंडली’ घालतात, शेवटी ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ लिहायला चुकत नाहीत, आणि तरीही त्या ग्राहकाच्या व्यवस्थापकाने त्यांच्या मालकांना फोनवर सांगितले की, तुमच्याकडून येणारी पत्रे हुकूम सोडल्यासारखी वाटतात. नमुन्यादाखल त्यांनी दिलेले वाक्य असे आहे: ‘काइंडली नोट दॅट यू शुड सेंड द अप्रूव्ड सॅम्पल बिफोर मंडे अँड डू द नीडफुल.’ यात उद्धट काय आहे, आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहावे की ‘युअर्स सिन्सिअरली’, असे त्या विचारतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, किंवा ज्याला आपण नावाने नव्हे तर अधिकारपदाने लिहीत आहोत, त्याला ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असे संबोधून ‘युअर्स फेथफुली’ने पत्र संपवावे. ज्याला आपण ‘डिअर मिस्टर’ किंवा ‘डिअर मिस’च्या पुढे आडनाव घालून संबोधले आहे, त्याचे पत्र ‘युअर्स सिन्सिअरली’ने संपवावे. ‘सर’ आणि ‘सिन्सिअरली’ हे दोन ‘स’ एका पत्रात नांदत नाहीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे. अमेरिकेत ही जोडी पाळत नाहीत. तिथे ‘सिन्सिअरली’ किंवा ‘सिन्सिअरली युअर्स’ जवळजवळ सर्वत्र चालते आणि व्यावसायिक पत्रात मायन्यानंतर स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम देतात. आपल्या केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीत मात्र ब्रिटिश वळण अजून टिकून आहे: शासकीय पत्रात ‘सर’ किंवा ‘मॅडम’ आणि ‘युअर्स फेथफुली’, अर्धशासकीय पत्रात नावाने संबोधन आणि ‘युअर्स सिन्सिअरली’, तर कार्यालयीन ज्ञापनात (ऑफिस मेमोरँडममध्ये) ना मायना, ना समाप्तीचे शब्द, सगळा मजकूर तृतीय पुरुषात. या तीन नमुन्यांकडे नीट पाहिले, तर पायऱ्या मानाच्या नसून जवळिकीच्या आहेत हे दिसते. अर्धशासकीय पत्र हे वरच्या दर्जाचे नसते. ते एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला व्यक्ती म्हणून लिहिलेले असते, आणि म्हणूनच अडलेल्या कामाकडे जातीने लक्ष वेधायचे असेल तेव्हा ते लिहितात.

पहिल्या प्रश्नाचे मूळही इथेच आहे. मराठी पत्राचा मायना उंची मोजतो. तीर्थरूप, तीर्थस्वरूप, श्रीयुत, चिरंजीव, राजमान्य राजश्री या शब्दांनी लिहिणारा वर आहे की खाली, नात्याने मोठा आहे की वयाने, हे पहिल्या ओळीतच ठरून जाते आणि पुढचा मजकूर त्या ठरलेल्या उंचीवरून निर्धास्तपणे लिहिता येतो. मान एकदा मायन्यात, ‘आपण’मध्ये आणि क्रियापदाच्या अनेकवचनात भरला, की ‘सोमवारपूर्वी नमुना पाठवावा’ हे वाक्य पूर्ण सभ्य होते. इंग्रजीत ती सोय नाही. ‘दाऊ’ आणि ‘यू’ हा तू-तुम्हीसारखा भेद प्रमाण इंग्रजीतून सतराव्या शतकाच्या अखेरीस जवळपास लोपला, आणि आज राजालाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’. सर्वनामात आदर ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा तो वाक्याच्या रचनेत शिरला, आणि तिथे तो उंची मोजत नाही. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला किती जागा ठेवली आहे, ते मोजतो.

आता भगिनींचे वाक्य पाहू. त्यांच्या मनात ‘आपण मान्य केलेला नमुना सोमवारपूर्वी पाठवावा’ हे मराठी वाक्य होते, आणि ‘पाठवावा’ या विध्यर्थी रूपासाठी शाळेपासून शिकवलेले इंग्रजी रूप म्हणजे ‘शुड’. पण मराठी ‘पाठवावा’मध्ये विनंती असते आणि इंग्रजी ‘यू शुड सेंड’मध्ये कर्तव्याची जाणीव करून दिलेली असते, मास्तरांनी विद्यार्थ्याला सांगावे तशी. ‘काइंडली नोट’ हे बँकेच्या सूचनाफलकावरचे शब्द आहेत, आणि त्यांच्या पुढे जे येते ते वाचणाऱ्याने निमूटपणे पाळायचे असते. ‘काइंडली’ हा शब्द आपल्याला ‘प्लीज’हून मऊ वाटतो, परंतु ब्रिटिश आणि अमेरिकी वाचकाच्या कानाला तो पुष्कळदा करडा लागतो, कारण चिडलेला माणूस दात आवळून ‘विल यू काइंडली स्टॉप दॅट’ म्हणतो, तो त्याने ऐकलेला असतो. ‘डू द नीडफुल’ हा एके काळी खुद्द ब्रिटनमधल्या कचेऱ्यांतला वाक्प्रचार होता; तिथे तो जुना झाला, आपल्याकडे राहिला. आणि ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ म्हणजे तुम्ही काम करणारच असे गृहीत धरून आगाऊ मानलेले आभार, म्हणजे ‘नाही’ म्हणायची शेवटची फटही बुजवलेली. थोडक्यात, मान भरपूर आणि मोकळीक शून्य, असे ते पत्र झाले.

विनंतीच्या पायऱ्या एकाच कामावर चढून दाखवतो. ‘प्लीज सेंड द सॅम्पल बाय मंडे’ हे सभ्य आहे, पण ते नेहमीच्या, ठरलेल्या, समोरच्याने करायचेच असलेल्या कामासाठी. ‘कुड यू प्लीज सेंड द सॅम्पल बाय मंडे?’ यात प्रश्नचिन्ह आले, म्हणजे उत्तराला जागा आली. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द सॅम्पल बाय मंडे’ यात ‘इफ’ आला; पाठवलात तर आभारी होईन, न पाठवलात तर काय ते मी बोलत नाही. आणि ‘आय वॉज वंडरिंग व्हेदर इट माइट बी पॉसिबल टू सेंड द सॅम्पल अ लिटल अर्लियर’ ही वरची पायरी: भूतकाळ, संशय, शक्यता आणि ‘जरासे’ अशी चार उशांची मांडणी. विद्यार्थ्यांना हा भूतकाळ नेहमी खटकतो. आत्ता विचारतो आहे, मग ‘वॉज’ का? त्यांना मी विचारतो, की शेजाऱ्याच्या दारात उभे राहून तुम्ही काय म्हणता? ‘जरा एक काम होतं तुमच्याकडे.’ काम आत्ताच आहे, तरी ‘होतं’! भूतकाळात ढकलले की विनंतीचा भार हलका होतो, हे मराठीला पूर्वीपासून माहीत आहे; फक्त आपण ते बोलण्यात ठेवले आणि पत्रात आणले नाही.

कोणती पायरी घ्यावी हे समोरच्याच्या हुद्द्यावरून कमी आणि मागितलेल्या गोष्टीच्या वजनावरून अधिक ठरते. विकत घेतलेल्या वस्तूची पावती मागायला ‘आय वॉज वंडरिंग’ लिहिले, तर ते टोमण्यासारखे वाचले जाते. उलट एखाद्या प्राध्यापकाकडे आठ दिवसांत शिफारसपत्र मागताना नुसते ‘प्लीज’ अपुरे पडते, कारण तुम्ही त्याचा रविवार मागत आहात. परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्या मुलांना म्हणूनच मी सांगतो की, विनंतीबरोबर न जमल्यास पुढे काय याचेही एक वाक्य लिहा: वेळ नसेल तर मी दुसऱ्या अध्यापकांना विचारू शकेन. बहुतेक वेळा प्राध्यापक त्या वाक्यामुळेच होकार देतात.

सभ्यता आणि औपचारिकता या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, हेही इथेच स्पष्ट करायला हवे, कारण पाठ्यपुस्तके त्यांना एकाच शिडीवर बसवतात. पूर्ण औपचारिक पत्र शत्रुत्वाचे असू शकते आणि अगदी घरगुती चिठ्ठी नितांत सभ्य असू शकते. ८ डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटनने जपानविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा चर्चिल यांनी लंडनमधील जपानी वकिलातीला पाठवलेले पत्र ‘सर’ने सुरू होते आणि ‘आय हॅव द ऑनर टु बी, विथ हाय कन्सिडरेशन, सर, युअर ओबीडियंट सर्व्हंट’ असे संपते. काही लोकांना ही शैली रुचली नाही. त्यावर चर्चिल यांनी नंतर लिहिले की, माणसाला ठार मारायचेच असेल, तर सभ्यपणे वागायला काही खर्च येत नाही. ‘आज्ञाधारक सेवक’ या शब्दांत तेव्हा ना आज्ञा उरली होती, ना सेवा; उरले होते ते अंतर, आणि युद्ध पुकारताना नेमके तेच हवे होते.

याच्या उलट टोकाचे पत्र आपल्याला अधिक परिचित आहे. २ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना साबरमतीहून पत्र लिहिले. त्या काळी हिंदी माणसाने व्हाइसरॉयला लिहायचे, तर ‘युअर एक्सलन्सी’ आणि शेवटी ‘ओबीडियंट सर्व्हंट’ हा शिरस्ता होता. गांधीजींनी मायना लिहिला, ‘डिअर फ्रेंड’. ब्रिटिश राजवट हा शाप आहे असे आपण का मानतो, हे त्यांनी त्याच पत्रात सांगितले, आणि शेवटी ‘युअर सिन्सिअर फ्रेंड’ म्हणून सही केली. भाषा मृदू, आशय कठोर, आणि मायन्याच्या दोन शब्दांत राजा-प्रजा हे नातेच नाकारलेले. व्हाइसरॉयचे उत्तर खासगी सचिवाकरवी आले, तृतीय पुरुषात, चार ओळींचे: पत्र मिळाले, कायदाभंग आणि शांतताभंग ज्यातून होणारच असा मार्ग आपण योजत आहात याचा खेद वाटतो. मित्र म्हणून पुढे केलेल्या हाताला सचिवाचा कागद मिळाला. पत्रातल्या औपचारिकतेच्या पातळ्या शिकवताना मी ही दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवतो.

याच्याही आधीचे, आणि मला विशेष प्रिय असलेले, एक पत्र आनंदीबाई जोशी यांचे आहे. जून १८८३मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपली पूर्वतयारी नियमांत पूर्ण बसत नाही याची त्यांना कल्पना होती. तरी त्या काकुळतीला आल्या नाहीत. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय पुढेही उपयोगी पडायला हवा, अशा अर्थाचे त्या लिहितात, आणि पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी आपण आलो आहोत हे सांगतात. मागणी स्पष्ट, कारणे स्वतःची, आणि निर्णय वाचणाऱ्याच्या हाती. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६मध्ये त्या पदवीधर झाल्या. ‘आय बेग टु स्टेट’ आणि ‘मोस्ट हम्बली’च्या त्या काळात अठरा वर्षांच्या मुलीला हा सूर सापडला, याचे मला अजून नवल वाटते.

‘डिअर’ या शब्दाविषयी दोन शब्द. मराठी माणसाला वरिष्ठाला ‘प्रिय’ म्हणणे संकोचाचे वाटते, म्हणून तो ‘रिस्पेक्टेड सर’ लिहितो. परंतु पत्राच्या आरंभीच्या ‘डिअर’मध्ये प्रेम उरलेले नाही, आयकराची नोटीसही ‘डिअर’ने सुरू होऊ शकते. ‘रिस्पेक्टेड सर’ चूक आहे असे मी म्हणणार नाही. सांगलीच्या मुख्याध्यापकांना लिहिताना ते शोभते, कारण तिथला वाचक तो मान ओळखतो. मँचेस्टरच्या ग्राहकाला ते परके वाटते, इतकेच. तसेच नावाचे: ‘डिअर मिस्टर’पुढे आडनावच येते, ‘डिअर मिस्टर सुनील’ होत नाही. स्त्रीचे लग्न झाले आहे की नाही हे विचारण्याची गरज नसेल, आणि ती नसतेच, तर ‘मिझ’ असा उच्चार असलेले एम-एस हे संक्षिप्त रूप वापरावे. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया करणारे सर्जन परंपरेने ‘डॉक्टर’ नव्हे, तर ‘मिस्टर’ म्हणवून घेतात, आणि त्यांना ‘डॉक्टर’ लिहिणे ही मानाची वाढ नसून माहितीची उणीव ठरते. कंपनीला ‘डिअर सर्स’ लिहिण्याची जुनी पद्धत, वाचणाऱ्या स्त्रिया असतात हे ध्यानात आल्याने, ब्रिटनमधील अनेक वकिली संस्थांनीही सोडली आहे.

शब्दांची निवड हा औपचारिकतेचा दुसरा आधार. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा जो थर आला, त्याने एकेका गोष्टीला दोन नावे मिळाली: ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘आस्क’ आणि ‘रिक्वेस्ट’. आपल्याकडे ‘सुरुवात’ आणि ‘आरंभ’ किंवा ‘मदत’ आणि ‘साहाय्य’ यांत जो फरक आहे, तोच. मात्र जड शब्दांनी पत्र औपचारिक होते, सभ्य होत नाही. ‘वी रिक्वेस्ट यू टु कमेन्स डिस्पॅच फोर्थविथ’ हे वाक्य उंची वस्त्रे घातलेला पोलीस आहे.

तक्रारीच्या पत्रात ही सगळी कसोटी लागते. ‘यू हॅव नॉट पेड’ यात बोट रोखलेले आहे. ‘अवर रेकॉर्ड्स शो दॅट द इन्व्हॉइस रिमेन्स अनपेड’ यात बोट कागदाकडे आहे, आणि कागद चुकूही शकतो, म्हणून समोरच्याला अब्रू राखून पैसे भरता येतात. पहिले स्मरणपत्र विसरभोळेपणाला दोष देते, दुसरे तारीख मागते, तिसरे ‘अनलेस’ने सुरू होते. आणि ध्यानात घ्या, राग वाढतो तशी औपचारिकता वाढते. ‘डिअर डेव्हिड’ लिहिणारा ग्राहक एका सकाळी ‘डिअर मिस्टर’वर आला, तर मजकूर वाचण्याआधीच समजावे की काही बिनसले आहे. रागावलेली आई मुलाला ‘अहो साहेब, उठा आता’ म्हणते, त्यातलाच हा प्रकार.

ब्रिटिशांची कमी बोलण्याची सवय तर आमच्या कचेरीला महागात पडली. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका इंग्रज खरेदीदाराचे पत्र आले की, ‘वी आर अ लिटल डिसअपॉइंटेड विथ द शेड.’ आम्ही ‘अ लिटल’चा अर्थ शब्दकोशातला घेतला. रंगछटा किंचित नापसंत आहे, चालवून घेतील, असे ठरवून पुढची खेप तशीच रवाना केली. त्यानंतर त्या पेढीकडून ऑर्डर आली नाही. पुढे कळले की, त्या सुरात लिहिणाऱ्याच्या तोंडी ‘थोडेसे निराश’ म्हणजे ‘हे पुन्हा खपवून घेणार नाही’. ‘आय अॅम सरप्राइज्ड टु लर्न’ यातही नवल नसते, संताप असतो. आणि ‘विथ रिस्पेक्ट’नंतर आदराचे वाक्य क्वचितच येते. पुणेरी पाट्या वाचून वाढलेल्या माणसाला हे खरे तर शिकवावे लागू नये. अमेरिकी वाचक मात्र शब्द सरळ घेतो, तेव्हा त्याला अशी सूचक नापसंती कळवून गप्प बसू नका. ‘वी कॅनॉट ॲक्सेप्ट धिस शेड’ असे स्वच्छ लिहा आणि कारण द्या.

ईमेलने मायन्याच्या पायऱ्या कमी केल्या, पण पुसल्या नाहीत. पहिल्या पत्रात ‘डिअर’ आणि आडनाव. समोरच्याने उत्तराखाली नुसते पहिले नाव लिहिले, तर पुढच्या वेळी आपणही पहिल्या नावाने संबोधावे. त्याने ‘हाय’ लिहिल्यावर ‘हाय’ लिहावे. पाऊल त्याला आधी टाकू द्यावे, आणि त्याने टाकल्यावर आपण मागे राहू नये, कारण तीन पत्रांनंतरही ‘सर’ला चिकटून राहणे म्हणजे पुढे केलेला हात न घेणे. शेवटी ‘काइंड रिगार्ड्स’ किंवा ‘बेस्ट विशेस’ पुरते. एकटे ‘रिगार्ड्स’ थोडे थंड लागते. ‘रिव्हर्ट’ हा शब्द ‘उत्तर द्या’ या अर्थाने भारताबाहेरच्या अनेकांना कळत नाही, त्याऐवजी ‘रिप्लाय’ लिहा.

तेव्हा, भगिनी, आपले वाक्य मी असे लिहिले असते: ‘कुड यू प्लीज सेंड अस द अप्रूव्ड सॅम्पल बाय मंडे? वी वुड लाइक टु स्टार्ट द डाइंग ऑन ट्यूजडे सो दॅट युअर डिलिव्हरी डेट इज सेफ. इफ मंडे इज डिफिकल्ट, प्लीज लेट मी नो व्हिच डे वुड सूट यू.’ मूळ वाक्यातली निकड तशीच आहे, सोमवारही सुटलेला नाही. फरक इतकाच की, घाई कशासाठी आहे हे त्याला कळते, ती त्याच्याच फायद्याची आहे हे दिसते, आणि सोमवार जमत नसेल, तर तसे सांगायला त्याच्याकडे एक तयार ओळ असते. मायन्यात त्या व्यवस्थापकाचे आडनाव लिहा, आणि त्याचे उत्तर आल्यावर त्याने खाली सही कोणत्या नावाने केली आहे, तेवढे आधी पाहा.